भाकरी, शेंगा चटणी, दही आणि बास : सात महिन्यांचं एक प्रकरण

मी सोलापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे घरातल्या कुणाचंही वजन कमी-जास्त झालं की फोन मलाच येतो. हे प्रकरण घरातलंच आहे, माझ्या नणंदेच्या मुलाचं. त्याला विचारून लिहितेय, ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदललेत.

पोरगा चोवीस वर्षांचा. मूळ गाव मंगळवेढ्याकडं, घरी ज्वारीचं काळं रान, सगळं घर माळकरी त्यामुळे अंडंसुद्धा नाही. जुळे सोलापुरात रूम घेऊन परीक्षांची तयारी करायलाय. आधी मेसला जायचा पण तेलकट रस्सा आणि सोड्यानं फुगवलेल्या भातानं पोट बिघडलं, ॲसिडिटी मागं लागली. जूनमधे त्यानं मेस बंद केली आणि ठरवलं की आता फक्त तीन गोष्टी खायच्या, कडक भाकरी, शेंगा चटणी, दही. कडक भाकरी महिनाभर टिकते, चटणी त्याहून जास्त, दही खालच्या डेअरीत मिळतं, म्हणजे स्वयंपाक नाही, भांडी नाही, रोज काय खायचं हा विचारच नाही. पोट तर आठ दिवसांत शांत झालं. त्यामुळे त्याची खात्रीच पटली की हेच बरोबर. कुणी टोकलं तर एकच उत्तर, "आमचा आजा भाकरी-चटणीवर ऐंशी वर्षं जगला."

नणंदेचा फोन दिवाळीत आला होता, "वैनी, पोरगं वाळलंय ओ, बघा जरा." मी त्याला फोन केला तर म्हणाला मामी मी एकदम फ्रेश आहे, चार किलो उतरलेत, पोट हलकं वाटतं. आणि खरं सांगते, मी पण सोडून दिलं. ज्वारी, शेंगदाणे, दही ही काय वाईट यादी आहे का? मैदा-वेफर्सवर जगणारी पोरं रोज बघते मी, त्यांच्यापुढं हे सोनंच वाटलं. तिथंच चुकलं माझं.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला आला, भोगीला जेवायला आमच्याकडंच. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, लेकुरवाळी भाजी. बघते तर हा भाकरीचा तुकडा भाजीच्या रश्शात बुडवून मऊ करून खातोय. अहो कडक भाकरी कडाकडा चावणारं पोरगं हे! म्हणलं दात दुखतो का, तर नाही म्हणाला, हिरड्या जरा हुळहुळतात, दातवाल्याकडं जाऊन दात साफ करून आलोय. मग त्यानं लोणी लावलेला तुकडा तोडून चावला आणि उरलेला अर्धा ताटात ठेवला, तर पांढऱ्या लोण्यावर दाताच्या खुणांच्या कडेनं लाल रेघ. कुणाच्या लक्षात आलं नाही, मला मात्र जेवण जाईना.

नंतर आतल्या खोलीत नेऊन पँट गुडघ्यापर्यंत वर करायला लावली. पोटरीवर केसांच्या मुळाशी बारीक लाल-जांभळे ठिपके, काही केस तर स्प्रिंगसारखे वळलेले. तोंडाचे कोपरे फाटलेले. पुस्तकात शंभरदा बघितलेलं चित्र, पण इतक्या वर्षांच्या कामात प्रत्यक्ष बघायची ही दुसरीच वेळ. स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्व न मिळाल्यानं होणारा रोग. दर्यावर्दी लोकांचा रोग, डाळिंबाच्या जिल्ह्यात.

दुसऱ्या दिवशी फिजिशियनकडं नेलं, कारण ठिपके आणि रक्तस्राव दुसऱ्या कशानंही होऊ शकतात, प्लेटलेट बघितल्याशिवाय आपण आपलं निदान ठोकायचं नसतं. प्लेटलेट व्यवस्थित निघाल्या. हिमोग्लोबिन ११.४ म्हणजे कमी, फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा कमी, बी-१२ही कमीच, एकशे सत्तरच्या आसपास, थायरॉइड ठीक. डॉक्टरांनी क जीवनसत्त्वाच्या गोळ्या, बी-१२ची इंजेक्शनं आणि लोह सुरू केलं. हिरड्यांचं रक्त आठवड्याभरात थांबलं, ठिपके तीन आठवड्यांत पुसट झाले. औषधानं इतक्या पटकन फरक पडला म्हणजे निदानाची पावतीच मिळाली.

आता माझ्या कामाचा भाग. त्याला टेबलाशी बसवलं, किचनचा वजनकाटा मधे ठेवला आणि म्हणलं काल दिवसभरात तोंडात गेलेलं सगळं सांग. आठ कडक भाकऱ्या, वजन भरलं साडेतीनशे ग्रॅम. शेंगा चटणी चार-पाच चमचे ढीग भरून, त्यातला शेंगदाणा धरला ऐंशी ग्रॅम. दही एक छोटा कप, शंभर ग्रॅम. चटणीवर दोन चमचे तेल. मग बराच वेळ गप्प बसून म्हणाला, "आणि चहा." किती? तीन. कधी? "जेवल्यावर एक लागतोच मामी." म्हणजे तीन पदार्थांच्या यादीत चौथा पदार्थ पहिल्या दिवसापासून होता, फक्त त्याला कुणी पदार्थ मानत नव्हतं.

हिशोब मांडला. सगळे आकडे ढोबळ आहेत, ज्वारी रानानुसार बदलते, पण अंदाज येतो. ऊर्जा साधारण १९५० कॅलरी, बैठ्या कामाच्या पुरुषाला २१०० लागतात, म्हणजे चार किलो गेले कुठं ते कळलं. प्रोटीनला मात्र तो स्वतःच दचकला, कारण जिममधल्या मित्रांनी त्याला प्रोटीनवरनंच भीती घातली होती. साडेतीनशे ग्रॅम ज्वारीतनं पस्तीस, शेंगदाण्यातनं एकोणीस, बाकी दही आणि चहातलं दूध, मिळून साठच्या आसपास, आणि आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० ची शिफारस आहे ५४ ग्रॅम. म्हणजे प्रोटीन भरलं होतं! ज्वारीत लायसीन नावाचं अमिनो आम्ल फार कमी असतं आणि शेंगदाण्यातही बेताचंच, ती कसर दुधानं जेमतेम भरून काढलेली, त्यातही चहातल्या दुधाचा वाटा दह्यापेक्षा मोठा.

भोकं वेगळ्याच ठिकाणी होती. कॅल्शियम हजार मिलिग्रॅम पाहिजे तिथं साडेचारशे. लोह कागदावर सोळा-सतरा, पाहिजे एकोणीस, म्हणजे फार वाईट नाही, पण जेवणावर लगेच चहा म्हणल्यावर त्यातलं अंगी लागणार किती? चहातलं टॅनिन लोहाला धरून बसतं, आणि क जीवनसत्त्व सोबत असतं तर शोषण वाढलं असतं तेही नाही. बी-१२ दिवसाला जेमतेम एक मायक्रोग्रॅम, पाहिजे सव्वादोनच्या आसपास. आणि क जीवनसत्त्वाच्या रकान्यात मी पेन्सिल टेकवून बसले आणि काही लिहिताच येईना. ज्वारीत नाही, शेंगदाण्यात नाही, दह्यात नावाला, लाल तिखटात वाळवता-साठवताना बहुतेक गेलेलं. कच्चा कांदा त्यानं ॲसिडिटीच्या भीतीनं सोडलेला, लिंबूही त्याच भीतीनं. घरी महिन्या-दीड महिन्यानं जायचा तेव्हा आईच्या हातचं जे पोटात जायचं त्यावर सहा महिने निभावलं म्हणायचं, नाहीतर शून्यावर माणूस एवढा तगत नाही.

हे "निभावलं" प्रकरण नीट समजून घ्या, सगळी गोम तिथं आहे. अमेरिकेत जॉन क्रॅंडन नावाच्या तरुण सर्जननं १९३९ मधे स्वतःवर प्रयोग केला, बाकीची जीवनसत्त्वं घेतली पण क असलेलं सगळं बंद. त्याच्या रक्तातलं क सहाएक आठवड्यात शून्यावर आलं, पण कातडीवर काही दिसायला चार महिन्यांच्या वर गेले. म्हणजे रक्तातलं क संपल्यावरही काही आठवडे विचारलं असतं तर तोही म्हणाला असता, फ्रेश आहे. बी-१२ तर याहून लबाड, निरोगी माणसाच्या यकृतात काही वर्षांचा साठा असतो. आमच्या पोराचा साठा माळकरी घरामुळं आधीच पातळ, म्हणून सात महिन्यांत उघडा पडला. आठ दिवसांत पोट शांत झालं हा पुरावा मेसच्या रश्श्याविरुद्ध होता, तीन पदार्थांच्या बाजूनं नव्हताच. दिवाळीत मीसुद्धा त्याच पुराव्यावर निकाल दिला होता.

एक रोग त्याला झाला नाही, आणि तो का नाही झाला हे जास्त मजेशीर आहे. दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरीब मजुरांत पेलाग्रा दिसायचा, म्हणजे उन्हं लागणाऱ्या कातडीवर काळे खरबरीत चट्टे, जुलाब, पुढं डोक्यावर परिणाम. तो खरं तर मक्यावर जगणाऱ्यांचा रोग, मग ज्वारीवाल्यांना का? हैदराबादला डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मधे मांडलं की ज्वारीत ल्यूसीन नावाचं अमिनो आम्ल जास्त असतं आणि ते शरीरातल्या नायसिनच्या, म्हणजे ज्याच्या अभावानं पेलाग्रा होतो त्या ब-३ जीवनसत्त्वाच्या, कामात अडथळा आणतं. पुढं या म्हणण्यावर बरेच वाद झाले, पण नुसती ज्वारी पुरत नाही एवढं पक्कं. आमच्या पोराकडं रोज ऐंशी ग्रॅम शेंगदाणा होता आणि शेंगदाण्यात नायसिन भरपूर. चटणीनं वाचवला.

हे सांगितल्यावर नणंद लगेच म्हणाली, "बघा, जुन्या माणसांना सगळं माहीत होतं, म्हणून भाकरीवर शेंगा चटणी." मला हसू आलं. वन्स, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला आणि मिरचीही अमेरिका खंडातलीच, दोन्ही पोर्तुगीज आल्यानंतर आपल्याकडं रुजलेली. जोडी जमली हे खरं, चवीनं जमली.

आणि आता तो आजा. ऐंशी वर्षं भाकरी-चटणीवर जगलेला. मी सासूबाईंना विचारलं, त्यांचे ते मावसभाऊ लागायचे, सोबत वाढलेल्या. म्हणाल्या, भाकरी-चटणी तर होतीच की, पण रानात बसला की बुक्कीनं कांदा फोडायचा, बांधावरची पाथरी तशीच तोंडात, उसाच्या पाण्याला घोळ उगवायची तिची पातळ भाजी, थंडीत हुरडा आणि बोरं, उन्हाळ्यात कैरी आणि आंबील, घरात दोन म्हशी आणि ताक तर मोजायचंच नाही. हरभऱ्याचा पाला वाळवून ठेवलेला वर्षभर. "हे काय जेवण म्हणून सांगायचं व्हय?" जेवण म्हणजे ताटात वाढलेलं, बाकी नुसतं तोंड हलवणं. नातवानं आज्याच्या ताटाची नक्कल केली, आजा रानात जे चरायचा त्याची केलीच नाही. आमच्या व्यवसायात लोकांना काल काय खाल्लं विचारतात आणि असाच अर्धा माल गळतो.

हिशोब झाल्यावर मला वाटलं हा म्हणेल, बरं मामी, सगळं खातो. नाही म्हणाला! "मला जास्त पदार्थ नकोतच. कमीत कमी कितीत भागेल तेवढं सांगा." आधी राग आला, मग वाटलं प्रश्न तर रास्त आहे. कमी पदार्थांवर माणूस जगतच नाही असं कुठंय? १९२८ सालचा एक प्रयोग आहे, एक बाई आणि एक पुरुष १६७ दिवस बटाट्यावर राहिले, वर थोडी चरबी आणि जराशी फळं, आणि दोघांचं प्रोटीनचं गणित टिकलं. दुष्काळाआधीचे आयर्लंडचे मजूर बटाटा आणि ताकावर राबायचे, आणि बटाट्यात क असतं, म्हणून त्यांना स्कर्व्ही होत नव्हता. म्हणजे तीन पदार्थ आमच्या पोराला नडले ते कमी म्हणून नाही, तिघांचं भोक एकाच जागी होतं म्हणून.

आणि त्याचा प्रश्न तर अर्थशास्त्रातला गाजलेला प्रश्न आहे. जॉर्ज स्टिगलर या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं १९४५ मधे गणित मांडलं की सगळ्या पोषक गरजा सगळ्यात स्वस्तात कशा भागतील. ७७ पदार्थ घेतले, नऊ गरजा घेतल्या, उत्तर आलं पाच पदार्थांचं, गव्हाचं पीठ, आटवलेलं डबाबंद दूध, कोबी, पालक आणि वाळलेला पांढरा घेवडा, वर्षाचा खर्च चाळीस डॉलरला काही सेंट कमी. दोन वर्षांनी सिम्प्लेक्स नावाच्या नव्या पद्धतीनं तेच गणित काटेकोर सोडवलं तर फरक पडला २४ सेंटचा. पण त्या नऊ गरजांत बी-१२ नव्हतंच, कारण ते वेगळं काढलं गेलं १९४८ मधे. त्याच्या यादीत दूध होतं म्हणून बरं. कमी पदार्थांच्या यादीचा हाच धोका, आपल्याला माहीत असलेली भोकं आपण बुजवतो, माहीत नसलेली बुजवायला काहीतरी फालतू, गरज नसलेलं पोटात गेलेलं बरं असतं.

तर आम्ही दोघं एक्सेलमधे बसलो. पोरगं कॉम्प्युटरात हुशार, मी आकडे सांगायची आणि तो भरायचा. नियम त्याचे : अंडं नाही, रोज स्वयंपाक अर्ध्या तासाच्या वर नाही, सोलापुरात सहज मिळालं पाहिजे. ज्वारी तीनशे ग्रॅमवर आणली. तूरडाळ साठ ग्रॅम घातली, लायसीनचा प्रश्नच संपला आणि फोलेट नावाचं ब जीवनसत्त्वही वर आलं. शेंगदाणा पन्नास. दूध आणि दही मिळून चारशेवर, कॅल्शियम आणि बी-१२ दोन्हीसाठी, चहाचं वेगळं. तीळ एक मोठा चमचा. मग शेवग्याचा पाला, आणि ही माझी आवडती चाल होती, कारण रूममालकाच्या दारातच शेवगा आहे, शेंगा सगळे नेतात पाल्याला कुणी विचारत नाही, आणि शंभर ग्रॅम पाल्यात तीनशेच्या वर मिलिग्रॅम कॅल्शियम, अ जीवनसत्त्वाचा तर खजिना. डाळीत मूठभर टाकला की कुकरच्या त्याच शिट्टीत काम. शेवटी पेरू एक. डाळिंब आपलं नावाजलेलं, पण क च्या बाबतीत पेरूपुढं काहीच नाही, एका मध्यम पेरूत दिवसाचं होऊन उरतं.

सात झाले. मीठ मोजलं तर आठ, आणि तेही सांगते कारण हा सैंधव खात होता, कुठंतरी वाचून. आयोडीनचं काही सात महिन्यांत दिसलं नाही पण दिसायची वाट कशाला बघायची, साधं आयोडीनवालं मीठ आण म्हणलं. चहा जेवणानंतर दीड तासानं. ड जीवनसत्त्व यादीतनं येत नाही, ते गोळीवरच.

झिंक मात्र कितीही ओढलं तरी बाराच्या वर जाईना, आणि पुरुषांची शिफारस १७ आहे. ज्वारी-डाळीतलं फायटेट झिंकला अडकवतं म्हणून शाकाहाऱ्याला आकडा जड जातो. त्याला म्हणलं आता आठवा पदार्थ घ्यायला लागतोय, तर तो म्हणे, "पदार्थ नको मामी, पद्धत सांगा." म्हणून आंबील. ज्वारीचं पीठ ताकात रात्रभर आंबवलं की फायटेट बरंच तुटतं आणि आहे तेवढंच झिंक-लोह जास्त लागू पडतं. यादी न वाढवता. एक्सेलमधे याचा रकाना नाही, तिथं बाराच दिसतात.

एप्रिलला परत रक्त तपासलं. हिमोग्लोबिन १३.१, बी-१२ चांगलं वर, पण ते इंजेक्शनचं श्रेय, यादीचं नाही, आणि हे मी त्याला ठासून सांगितलं कारण स्वारी लगेच मित्रांना सात पदार्थांची सिस्टीम शिकवायला निघाली होती. वजन तीन किलो वाढलं. कडक भाकरी पुन्हा कडाकडा.

मग मे आला. बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन, पेरू बाजारातनं गायब, लिंबू इतकं महाग की मोजून द्यायला लागले, आणि रूममालकानं शेवगा छाटून टाकला. एका आठवड्यात सातातले दोन गेले, आणि त्यातला पेरू तर असा, ज्याच्यावर क जीवनसत्त्वाचा जवळजवळ सगळा भार! पंधरा प्रकारचं खाणाऱ्याला पेरू संपल्याचं कळतसुद्धा नाही. याचा सकाळी सातला फोन. मी म्हणलं कैरी आण, नाहीतर मटकीला मोड आण, मोडात क तयार होतं, वाफवू नको, तशीच खा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडात शेफील्डला एक प्रयोग झाला होता, त्यात दिवसाला दहा मिलिग्रॅम क वर स्कर्व्ही टळला होता, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण पोरगं घाबरलेलं, लोण्यावरची ती रेघ त्यानंही बघितली होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

परवा त्याच्या आईनं एसटीनं डबा पाठवला. कडक भाकरी, चटणी, आणि खाली ओल्या फडक्यात गुंडाळलेली घोळीची जुडी, सोबत दोन कांदे. त्यानं वजनकाट्यावर ठेवून फोटो पाठवला, एकशे साठ ग्रॅम, मुळांना अजून काळी माती. खाली लिहिलेलं, "मामी, ही कुठल्या रकान्यात टाकू?"

मी लिहिलं, माती धुऊन डाळीत टाक.